हरणारी माती

चिन्मयीनं पाटावर मातीचा गोळा ठेवला, त्याला वरून दोन चिमटे काढले आणि हात मांडीवर ठेवून ती वाट बघत बसली. पाटाच्या कडेचा दिवा हिरवा झाला. गोळ्यात बारीकशी हालचाल झाली. चिमट्यांचे पसरट कान झाले, खालून चार पाय फुटले, पुढून सोंड निघाली आणि तीन सेकंदांत चार बोटं उंचीचा हत्ती पाटावर उभा राहिला. शेपटीच्या टोकाला गोंडासुद्धा होता.

"झाला," चिन्मयी म्हणाली आणि खुर्चीवरून उतरून पाणी प्यायला गेली.

समोर बसलेल्या तिच्या आईनं टॅबवर नोंद केली. लागलेला वेळ: एकोणीस सेकंद. मुलाचं समाधान: पूर्ण. त्रिशला मगदूमला त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं. ही माती तिनं बनवली होती.

गोष्ट दोन हजार अडतीस सालच्या उन्हाळ्यातली. सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत 'बोटभर' नावाचा खेळण्यांचा कारखाना होता आणि त्रिशला तिथे इंजिनिअर होती. चार वर्षं खपून तिनं जी माती तयार केली होती तिचं नाव 'उमज'. लहान मुलांनी घरी बसून खेळायची, हाताला न चिकटणारी, चुकून तोंडात गेली तरी अपाय न करणारी माती. दिसायला साधी. पण तिच्यात पिठाहून बारीक असे लोखंडाचे कण मिसळलेले होते, आणि प्रत्येक कणावर पातळ लेप दिलेला होता, म्हणजे गंज धरायला नको. कागदावर लोखंडाचा कीस टाकून खालून लोहचुंबक फिरवलं की कीस कसा उभा राहतो, पळतो, हे शाळेत सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. त्रिशलाच्या पाटाखाली एक चुंबक नव्हतं. तांब्याच्या तारेची बाराशे इवली वेटोळी होती. ज्या वेटोळ्यात वीज जाईल ते तेवढ्यापुरतं चुंबक व्हायचं. कुठलं किती जोरात ओढणार हे ठरवता आलं की माती उठायची, बसायची, वळायची.

हे त्यातलं सोपं अर्धं. अवघड अर्धं म्हणजे मुलाच्या मनात काय आहे हे ओळखणं. पाटाला बोटांचा दाब कळत असे. पाटातल्या प्रोग्रामनं जवळपास तीन लाख मुलांची मातीकामं पहिल्या दाबापासून शेवटपर्यंत पाहिलेली होती. त्यामुळे दोनचार दाब पडले की तो अंदाज बांधायला लागायचा: हत्ती असण्याची शक्यता शंभरात पन्नास, सशाची वीस, उरलेलं इतर काही. जसा अंदाज, तशी माती हळूहळू तिकडे ओढली जायची. एखादा अंदाज शंभरात साठच्या वर गेला आणि मुलानं हात उचलला की माती ती वस्तू पूर्ण करून टाकायची. या साठच्या आकड्याला कारखान्यात सगळे 'धीर' म्हणत. आणि दीड मिनिटात कुठलाच अंदाज तिथवर पोचला नाही, तर वेटोळी तापू नयेत म्हणून पाट नाद सोडून द्यायचा. दिवा पिवळा व्हायचा, माती सैल पडायची. असं सहसा होत नसे. एप्रिलच्या सुरुवातीला चाळीस घरांत पाट चाचणीसाठी दिले होते. त्यांतलं एक घर त्रिशलाचं स्वतःचं. सहा आठवड्यांत पिवळा दिवा सगळ्या घरांत मिळून सात वेळा लागला होता.

त्रिशलाचा नवरा अभिनंदन याची सांगलीच्या विश्रामबाग भागात बेकरी होती. पहाटे चारला तो घर सोडायचा आणि दुपारी बाराला परत यायचा, त्यामुळे दुपारची चिन्मयी त्याच्या वाट्याला. दोघांचे उद्योग चालायचे. भेंडी आडवी कापून तिचे रंगात बुडवून ठसे, काड्यापेट्यांची आगगाडी, वर्तमानपत्राच्या होड्या आणि त्या होड्यांसाठी बादलीभर कृष्णा नदी. वर्तमानपत्र आता रविवारचंच छापलं जायचं म्हणून अभिनंदन ते जपून ठेवायचा. पाट घरात आल्यापासून रविवारच्या अंकांची चळत वाढत चालली होती.

मेच्या मध्यावर एका संध्याकाळी त्रिशला घरी आली तेव्हा तो ओट्याशी चपात्या लाटत होता.

"आज एक गंमत झाली," तो म्हणाला. "चिनूला कणकेचा गोळा दिला होता. तिनं दोन चिमटे काढले आणि बसली."

"मग?"

"मग काही नाही. बसूनच राहिली. शेवटी मला म्हणते, बाबा, याला कळत नाहीये."

त्रिशला हसली. अभिनंदन हसला नाही. तो चपाती उलटत म्हणाला, "मी तिला म्हटलं, त्याला कसं कळेल, तू कर. तर ती म्हणाली, मला सोंड येत नाही. अगं, फेब्रुवारीत हीच मुलगी कणकेचे हत्ती करत होती. वाकडे असायचे, पण सोंडेसकट असायचे."

"म्हणजे माझ्या मातीनं मुलगी बिघडवली, असं म्हणायचंय तुला."

"मी कणकेबद्दल बोलतोय."

"तू कणकेबद्दल बोलत नाहीयेस, अभि."

त्यानं पुढची चपाती तव्यावर टाकली. पुढचे चार दिवस त्या घरात कामापुरतं बोलणं झालं.

पण शब्द लागला होता. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन तिनं पहिलं काम काय केलं, तर चाळीस घरांच्या नोंदी उघडल्या. आजवर ती समाधानाचे आकडे बघत आली होती, आणि ते उत्तम होते. तिनं आता दाबांचे आकडे काढले. पहिल्या आठवड्यात एक वस्तू करताना मूल मातीला सरासरी एकशेचाळीस वेळा दाबत होतं. सहाव्या आठवड्यात अकरा वेळा. मुलं हुशार होती. किती कमी केलं की पुरतं, हे ती शिकली होती.

ते घेऊन ती नंदिनी देशिंगकरांच्या खोलीत गेली. कारखाना त्यांनी उभा केलेला. साठीच्या, तुटक बोलणाऱ्या, पण माणसाचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी आकडे पाहिले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी सात वर्षांची असताना बेंदराच्या सणाला मातीचा बैल केला होता," त्या म्हणाल्या. "दोन दिवस लागले मला. घरी आलेल्या प्रत्येकानं त्याला म्हैस म्हटलं. काकांनी तर धार काढायची नक्कल करून दाखवली. सगळे हसले. त्यानंतर मी आयुष्यात मातीला हात लावला नाही, त्रिशला. कुठल्याही मुलावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं आहे. अकरा दाबांत बैल होत असेल तर एकशेचाळीस कशाला हवेत?"

 खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं त्रिशलाला पटलं. सात वर्षांच्या मुलीचा बैल तिच्या डोळ्यांसमोर आला आणि ती कागद घेऊन आपल्या जागेवर परत आली.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या मुलाणींची सादिया आजोळहून परत आली. सादिया सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, कुणाच्याही घरात आपलंच असल्यासारखी वावरणारी. गुरुवारी त्रिशला घरून काम करत होती. बाहेरच्या खोलीतून तिला दोघींचा आवाज येत होता.

"हे काय करतेस?" चिन्मयीनं विचारलं.

"दादीचा गुडघा. सुजलाय तिचा. एवढा झालाय."

थोड्या वेळानं सादिया म्हणाली, "अरे, कासव कुठून आलं?"

"ते तसंच करतं."

"मला कासव नकोय." मूठ आपटल्याचा आवाज. पुन्हा थोडा वेळ. "आता काय, पातेलं?"

"त्याला गुडघा माहीत नसेल," चिन्मयी म्हणाली.

यावर सादियानं जे विचारलं ते त्रिशला पुढे कितीतरी जणांना सांगत राहिली. तिनं विचारलं, "मग त्याला अजून काय काय माहीत नाही?"

त्रिशला हातातलं काम ठेवून दाराशी जाऊन उभी राहिली. दोघी पाटावर ओणव्या झाल्या होत्या. चिन्मयीनं जाहीर केलं की आपण शिंक करायची. शिंक कशी दिसते यावर बरीच चर्चा झाली. पुढे टोकदार, मागे फुगीर आणि मधे काहीतरी उडालेलं, असं ठरलं. चिन्मयीनं गोळा ओढला, त्याला टोक काढलं. मातीत हालचाल सुरू झाली, कल्ले फुटू लागले.

"मासा करतंय, मासा करतंय, मागून दाब," सादिया म्हणाली. चिन्मयीनं मागून अंगठा रुतवला. मातीनं कल्ले सोडले आणि रॉकेटचे पंख काढायला घेतले. चिन्मयीनं पंख चिमटीत धरून खाली वळवले, मधे बोटानं भोकं पाडली, टोक पिळलं. माती एकदा या बाजूला ओढली जायची, एकदा त्या. ती थरथरायला लागली. आणि दीड मिनिट संपलं. दिवा पिवळा झाला, मातीतला सगळा ताण गेला, आणि चिन्मयीच्या हातात तिनं जसं केलं होतं तसं, वाकडंतिकडं, ओढाताण झालेलं काहीतरी उरलं.

"हरली," सादिया म्हणाली.

चिन्मयी आधी त्या वस्तूकडे बघत राहिली, मग खुर्चीवर मागे रेलून हसत सुटली. त्यानंतर त्यांनी उचकी केली. कंटाळा केला. 'शेजारच्या काकांचं घोरणं' करताना दोघी इतक्या हसल्या की सादियाला खाली बसावं लागलं. दुपारी त्रिशलानं नोंद पाहिली: एका वस्तूला दोघींच्या सगळ्या बोटांचे मिळून सहाशे बारा दाब. पाट बनल्यापासूनचा हा सगळ्यात मोठा आकडा होता.

चाचणीची निम्मीअधिक घरं विश्रामबागेच्या आसपासची होती आणि मुलं संध्याकाळी एकाच बागेत जमत. खेळाला 'हरवाहरवी' असं नाव पडलं. आठ दिवसांत पालकांचे संदेश यायला लागले. माती थरथरते. यंत्र मधेच सोडून देतं. आमचा मुलगा तासभर ढेकर करत बसला होता, हे पाटाच्या कार्यक्रमात आहे का? सातवर असलेला पिवळ्या दिव्याचा आकडा दोनशेच्या पुढे गेला.

देशिंगकर मॅडमनी त्रिशलाला बोलावलं. "पुढच्या शनिवारी बालवाड्यांच्या संघाच्या बाया पाट बघायला येणार आहेत. त्यांच्यासमोर हे असं हरायला लागलं तर काय समजतील? दुरुस्त कर."

"तो बिघाड नाहीये, मॅडम. मुलं मुद्दाम—"

"मूल दीड मिनिट राबतं आणि शेवटी त्याच्या हातात चेंदामेंदा येतो. ह्याला मी बिघाडच म्हणते. आणि हो, सप्टेंबरपासून नवा विभाग सुरू होतोय. प्रमुख म्हणून तुझं नाव माझ्या डोक्यात आहे."

त्रिशलानं दुरुस्त केलं. धीर साठावरून पंचवीसवर आणायचा आणि पाटानं नाद सोडण्याची ती एक आज्ञा पुसून टाकायची. अर्ध्या तासाचं काम होतं. करताना तिला वाईट वाटलं असंही नाही. काम सुबक झालं याचं बरंच वाटलं.

दुरुस्त केलेला पाट ती मंगळवारी घरी घेऊन आली. सादिया वाटच बघत होती. तिनं नव्यानं गुडघा करायला घेतला. तिसऱ्या दाबाला कासव. तिनं कासव मोडलं. हात उचलते न उचलते तोच पुन्हा कासव. तिनं दोन्ही हातांनी दाबून धरलं, तर हातांखाली मातीची पाठ पुन्हा फुगून वर आली.

"काकू, हे ऐकतच नाहीये."

"आता ते लवकर ओळखतं," त्रिशला म्हणाली.

"पण चुकीचं ओळखतंय ना." सादियानं आणखी एकदा करून पाहिलं. मग हात पुसले, चपला घातल्या. "मी जाते. अम्मी बोलवत असेल."

अम्मी काही बोलवत नव्हती. चिन्मयी एकटीच पाटासमोर राहिली. थोड्या वेळानं तिनं मातीला दोन चिमटे काढले आणि हात मांडीवर ठेवले.

अभिनंदन सोफ्यावर बसून भेंडीच्या ठशांचे कागद वाळले का बघत होता. त्यानं हे सगळं पाहिलं आणि पुन्हा कागदांवर मान घातली.

"बोल की," त्रिशला म्हणाली.

"मी काय बोलू, तुझं काम आहे."

"मागे तर बोललास."

"मागे बोललो तर चार दिवस तू मला फक्त 'मीठ दे' म्हणत होतीस." त्यानं कागद बाजूला ठेवले. "हे बघ, बेकरीत मळायचं यंत्र आणलं तेव्हा मी पेढे वाटले होते. खांदे गेले होते माझे. यंत्रावर माझा राग नाही. पण यंत्र आलं तेव्हा मला मळता येत होतं, त्रिशला. पीठ किती घट्ट झालं हे मला आजही बोटांनी कळतं, म्हणून यंत्र कधी थांबवायचं ते कळतं. चिनूचं अजून सगळं व्हायचंय."

त्रिशलानं मागे वळून पाहिलं. चिन्मयीच्या पाटावर हत्ती उभा होता आणि चिन्मयी खिडकीशी जाऊन खाली बागेत कोण कोण आलंय ते बघत होती. त्रिशलाच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. माती चुकत होती आणि तरी मुलीचं ऐकत नव्हती. आणि हे तिनं स्वतःच्या हातानं, अर्ध्या तासात, सुबकपणे केलं होतं.

बुधवारी सकाळी ती थेट मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्यानंच बोलली. "मी तुम्ही सांगितलेला बदल केलाय. पण शनिवारी मी अर्धे पाट जुने ठेवणार आहे. साठचा धीर, आणि हरणारे. दोन्ही बघा आणि मग ठरवा."

"घेणाऱ्यांसमोर?"

"हो. आणि मुलंही हवीत. चाचणीच्या घरांतली."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "फसलं तर हा विषय पुन्हा माझ्यासमोर काढायचा नाही. आणि त्या नव्या विभागाचंही मग मी दुसऱ्या कुणाला तरी सांगेन. असल्या जुगारी माणसाच्या हाती मी विभाग देत नाही."

"चालेल," त्रिशला म्हणाली. खोलीबाहेर आल्यावर ती थेट शनिवारसाठी पाट निवडायला गेली.

शनिवारी कारखान्याच्या सभागृहात दोन रांगांत बारा पाट मांडले. डावीकडे दुरुस्त केलेले, उजवीकडे जुने. पंधरासोळा मुलं, त्यांचे आईबाप, खेळण्यांचे दोन दुकानदार आणि संघाच्या पाच शिक्षिका. त्यांच्या पुढारी विजयमाला चव्हाण, तीस वर्षं बालवाडी चालवलेल्या, खांद्याला कापडी पिशवी, आत काय काय असेल ते त्यांनाच माहीत. मुलांना कुठल्याही पाटावर बसायला सांगितलं होतं.

पहिली वीस मिनिटं वाईट गेली. डावीकडे भराभर मोर, गाड्या, ससे उभे राहिले. पालक फोटो काढत होते. शिक्षिका एकमेकींना दाखवून "किती सुंदर गं" म्हणत होत्या. उजवीकडे चार वर्षांचा ओजस काहीतरी करत होता. माती थरथरली, दिवा पिवळा झाला, त्याच्या हातातलं सगळं सैल पडलं आणि त्यानं भोकाड पसरलं. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. ओजसची आई धावली. एक शिक्षिका वहीत काही लिहू लागली. देशिंगकर मॅडम भिंतीशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांनी त्रिशलाकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि ते न बघणं तिला जास्त लागलं.

त्रिशला ओजसकडे निघाली, पण सादिया तिच्या आधी तिथे पोचली होती. चिन्मयी तिच्या मागोमाग.

"रडतोस काय?" सादियानं विचारलं. "ती हरली ना."

ओजसनं हुंदका गिळला. "कोण?"

"माती. पिवळा दिवा लागला की ती हरली. तू काय करत होतास?"

"भूक," ओजस म्हणाला.

"बघ, तिला भूक माहीतच नाही." सादियानं त्याच्या हातातला चेंदा उचलून गोल फिरवून पाहिला. "ही आतून लागलेली भूक आहे ना? मोठी आहे."

ओजसनं आईच्या पदराला नाक पुसलं आणि पुन्हा खुर्चीवर चढला. "आता अजून मोठी करतो," तो म्हणाला.

डाव्या रांगेत तोवर सगळं करून झालं होतं. मोर, गाड्या, ससे पाटांवर एका ओळीत उभे होते आणि मुलं खुर्च्या सोडून पाण्याच्या पिंपाभोवती पळापळी खेळत होती. एकेक करून ती उजवीकडे वळली. एका पाटावर तिघं बसली. कुणी 'जांभई' करत होतं, कुणी 'गृहपाठ'. माती कुठे बेडूक करायला गेली की चारी बाजूंनी ओरडा व्हायचा, "पाय दाब, पाय दाब." त्या गलक्यात विजयमालाताई पिशवी सावरत आल्या आणि चिन्मयीच्या शेजारच्या इवल्या खुर्चीवर कशाबशा बसल्या.

"मला शिकव," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला काय करायचंय?" चिन्मयीनं विचारलं.

"उचकी."

"ती आम्ही केली. दुसरं सांगा."

विजयमालाताई विचारात पडल्या. "निवृत्ती," त्या म्हणाल्या.

"ते काय असतं?"

"पुढच्या वर्षी मला मिळणार आहे. मलाही अजून नीट माहीत नाही."

त्यांनी बांगड्या मागे सारल्या. पहिल्यांदा मातीनं घर केलं, दुसऱ्यांदा खुर्ची. खुर्ची होत आलेली बघून त्या म्हणाल्या, "नाही हो, बसणार नाहीये मी," आणि तिचे पाय मोडून टाकले. तिसऱ्यांदा माती थरथरत राहिली. चिन्मयी तळहातावर हनुवटी टेकून सूचना देत होती. दिवा पिवळा झाला तेव्हा ताईंच्या कपाळावर घाम आला होता, आणि हातात काहीतरी होतं: एका बाजूनं बंद, दुसऱ्या बाजूनं उघडं, उघड्या बाजूला बोटांचे ठसे. त्या बराच वेळ ते हातात घेऊन बसल्या. चहा आला, निवला, तरी पाचही शिक्षिकांपैकी कुणी उठायला तयार नव्हतं.

शेवटी ताई देशिंगकर मॅडमकडे गेल्या. "डावीकडचे पाट देखणे आहेत," त्या म्हणाल्या. "पण आमची मुलं त्यांच्यासमोर नुसती बसतील. आम्हाला हरणारी माती द्या."

मॅडमनी सगळी माणसं गेल्यावर त्रिशलाला बोलावून घेतलं. त्या ओजसच्या पाटाशी उभ्या होत्या. 'भूक' तिथेच पडली होती, दोन्ही हातांत मावणार नाही एवढी.

"हा रडला तेव्हा मला वाटलं, झालं, आणखी एकाचा बैल गेला," त्या म्हणाल्या. "त्या पोरीनं येऊन काय केलं? माती तीच. पाट तोच. तिनं फक्त कोण हरलं ते सांगितलं. मला कुणी सांगितलं नव्हतं."

त्रिशलानं टॅब उघडला.

"धीर साठच ठेव. नाद सोडायची आज्ञा परत घाल. आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात छापायचं: पिवळा दिवा लागला म्हणजे मूल जिंकलं. ओजससारख्या चार वर्षांच्यांना वाचता येत नाही, तेव्हा आईबापांनी ते वाचून दाखवायचं, हेही छाप." त्या दाराकडे गेल्या आणि वळल्या. "सप्टेंबरचं म्हणशील तर विभाग तुझा. पण पुढच्या वेळी जुगार खेळण्याआधी मला आठवडाभर आधी सांग. या वयात मला झेपत नाही."

ज्या दोन दुकानदारांना डावीकडचे सुबक मोर आवडले होते त्यांनी पाट घेतले नाहीत. सुरुवातीला कारखान्यानं ठरवलं होतं त्याच्या निम्मेच पाट त्या वर्षी बाहेर पडले. हे सगळं त्रिशलाला नंतर कळायचं होतं. त्या दिवशी ती चालकाशिवाय धावणाऱ्या रिक्षातून चिन्मयी आणि सादियाला घेऊन घरी निघाली आणि वाटेत दोघी तिच्या दोन्ही खांद्यांवर डोकं टाकून झोपून गेल्या.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर चिन्मयीनं पाट आईसमोर आणून ठेवला.

"तू कधीच खेळली नाहीस," ती म्हणाली.

ते खरं होतं. चार वर्षांत त्रिशलानं माती तोलली होती, ताणली होती, तापवली होती. तिच्याशी खेळणं राहून गेलं होतं. कुठल्या दाबाला कुठली शक्यता वाढते हे तिला तोंडपाठ होतं, तेव्हा हरवणं काय अवघड, असं म्हणून तिनं बाह्या वर केल्या. तिनं 'सुट्टी' करायचं ठरवलं. मातीनं मासा केला. तिनं 'लाज' करायची ठरवली. मातीनं निवांतपणे गोगलगाय करून दिली. तिसऱ्यांदा बेडूक. अभिनंदन दारात उभा राहून बघत होता आणि न हसण्याचा मनापासून प्रयत्न करत होता.

"तुला त्याचं सगळं माहीत आहे ना?" चिन्मयीनं विचारलं.

"हो गं."

"म्हणून तुला येत नाही. तू आधी ठरवतेस आणि मग तेच करतेस. ते त्याला कळतं."

त्रिशलानं बेडूक मोडला. गोळा हातात घेतला, आणि या खेपेला काहीच ठरवलं नाही. तिनं अंगठा दाबला, तिथे खळगा पडला. खळग्याच्या कडेला तिनं बोटं फिरवली. माती आतून ओढत होती, डावीकडे, मग उजवीकडे, काय हवंय ते विचारल्यासारखी, आणि तिच्याकडे सांगायला काही नव्हतं. तिची बोटं चालत राहिली.

"काय करतेयस?" चिन्मयीनं विचारलं.

"माहीत नाही."

चिन्मयीनं खुर्ची ओढून जवळ घेतली आणि आईच्या हाताशेजारी स्वतःचा हात मातीत घातला. "थांबू नको," ती म्हणाली. "अजून एक मिनिट आहे."